चिवड्याचा डबा पुन्हा खाली आला

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की चार-आठ दिवसांत आमच्या गल्लीत तळणीचा वास यायला लागतो. कुणाकडे शेव, कुणाकडे चकली, कुणाकडे शंकरपाळी. परवा समोरच्या वहिनींनी गॅलरीतूनच विचारलं, "काय हो, तुमची कढई अजून निघाली नाही वाटतं?" म्हटलं, निघाली आहे, पण यंदा तिच्यात तेल कमी आणि काम जास्त आहे. त्या हसल्या. पण मैत्रिणींनो, या कमी तेलामागे एक गोष्ट आहे आणि त्यात माझी थोडी नाचक्कीही आहे. दिवाळी तोंडावर आली आहे, तेव्हा सांगूनच टाकते.

आमच्या घरात संध्याकाळी पाचचा चहा आणि चिवडा ही लग्नापासूनची रीत. आमचे हे नोकरीत होते तेव्हा ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी फडताळातल्या स्टीलच्या डब्याकडे बघायचे. चिवडा म्हणजे तळलेल्या जाड पोह्यांचा, माझ्या सासूबाईंच्या हातचा आणि मग माझ्या. पाहुणे नाव काढायचे, त्यामुळे मला त्याचा जरा ताठाच होता.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासण्या केल्या आणि रक्तदाब निघाला एकशे सत्तर-शंभर. दुखणं नाही, चक्कर नाही, काही नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं आणि म्हणाले, "लोणचं, पापड, फरसाण, चिवडा यांतलं मीठ-तेल आता आवरा." मी घरी आले आणि आवरलं ते असं, की डबा रिकामा करून, धुऊन, माळ्यावर टाकला. पाच वाजता चहाबरोबर दोन मारी बिस्किटं ठेवली. ह्यांनी एकदा बिस्किटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो बाई.

तीन आठवड्यांनी स्कूटरच्या विम्याचे कागद शोधायला मी डिकी उघडली. आत फरसाणाची चार रिकामी पाकिटं. नीट घड्या घातलेली, वर रबर लावलेलं. ज्या माणसानं छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब ठेवले, त्यानं चोरीचा हिशेबसुद्धा टापटीप ठेवला होता. रोज संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला म्हणून जायचे, ते हे.

मी बोलले. नको तितकं बोलले. सून स्वयंपाकघराच्या दारात, तीन वर्षांचा नातू तिच्या पदराला धरून, आणि मी पाकिटं हातात नाचवत. ह्यांनी उलट उत्तर दिलं नाही. दोन दिवस मात्र पाचचा चहा उभ्यानंच घेतला आणि कप विसळून ठेवून बाहेर गेले. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबरच आहे. पण घरात मागून मिळणार नाही म्हटल्यावर माणूस बाहेर लपून खातो." मला राग आला, कारण ते खरं होतं.

त्या रात्री भांडी आवरताना सूनबाई म्हणाली, "अत्ती, डब्बी बंद करून उपयोग नाही. डब्बीतलं बदलूया." आमची सून धारवाडची. घरात ती माझ्याशी मराठी बोलते, पण मनातलं बोलायची वेळ आली की कानडीवर येते. पुढं म्हणाली, "हुरीबेक्री, करीबारद्री." भाजायचं, तळायचं नाही. आणि मग हळूच, "नम्म अव्वा चूडा हंगं माडताळ." माझी आई चूडा तसाच करते.

इथं माझी नाचक्की. तिच्या आईचा चूडा मला माहीत होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला विहीणबाईंनी मोठा डबा भरून चुरमुरी चूडा पाठवला होता. मी चिमूटभर तोंडात टाकून "भत्ता आहे, चिवडा नव्हे" असं म्हटलं आणि तो डबा कोपऱ्यात ठेवून माझा चिवडा पुढं केला. सुनेनं ते ऐकलं होतं. सहा वर्षं ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती. त्या रात्रीही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी एक उद्योग केला. माझ्या पद्धतीचा पाव किलो पोह्यांचा चिवडा शेवटचा करून बघायचा, पण तेल मोजून. मोजायचं कशात? नातवाची जुनी दुधाची बाटली सापडली, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा होत्या. दोन बाटल्या, म्हणजे अर्धा लिटर तेल कढईत ओतलं. पोहे तळले, दाणे तळले, डाळवं आणि खोबरं तळलं. कढई गार झाल्यावर उरलेलं तेल परत बाटलीत भरलं, तर सव्वातीनशे मिली. म्हणजे पावणेदोनशे मिली तेल चिवड्यानं पिऊन टाकलेलं! चहाच्या पेल्यात ओतून पाहिलं तर पेला भरून वर उरलं. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण एकशे वीस कॅलरी. बाकीचा हिशेब ह्यांनीच कागदावर मांडला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. मीठ मी अंदाजानं घालायची, तेही चमच्यात मोजलं तर दोन छोटे चमचे सपाट भरले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात भाजी-आमटी-भाकरी सगळं आलं.

मग मी धारवाडला फोन लावला. माझं कानडी बाजारापुरतं. "बीगती, निम्म चूडा हेंगं माडतीरी?" एवढं म्हटलं आणि पुढचं विसरले. विहीणबाई क्षणभर गप्प झाल्या. मग सांगायला लागल्या आणि वीस मिनिटं थांबल्या नाहीत. माप विचारलं की "कै अळती" म्हणायच्या, म्हणजे हाताचा अंदाज. पण एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली: "शेंगा हुरियूमुंद फोन एत्तब्याडरी." दाणे भाजताना फोन उचलू नका.

त्यांची रीत, माझी सवय आणि ह्यांचा काटेकोरपणा मिळून आता जो चिवडा ठरला आहे, तो असा.

साहित्य

चिरमुरे २०० ग्रॅम, पातळ पोहे १०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, काजू ५० ग्रॅम, बदाम २५ ग्रॅम, डाळवं (सुनेच्या भाषेत पुटाणी) ५० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप २५ ग्रॅम, जवस दोन मोठे चमचे, लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, कढीपत्ता दोन मुठी, ब्याडगी मिरच्या चार, तेल फक्त दोन मोठे चमचे. शिवाय मोहरी, हिंग, हळद, एक छोटा चमचा आमचूर, एक छोटा चमचा पिठीसाखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. यात साधारण सहाशे ग्रॅम चिवडा होतो. चौघांच्या घरात आठवडाभर पुरतो.

दाणे निवडणं

हे काम रेडिओ लावून बसून करायचं. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे किंवा कडू वासाचे दाणे सरळ फेकून द्या. दाणे दमट जागी राहिले की त्यांवर एक बुरशी वाढते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या मेल्या, त्याचा शोध घेताना ते विष शेंगदाण्याच्या पेंडीत सापडलं. भाजल्यानं ते पुरतं जात नाही, म्हणून "भाजून घेऊ की, काय होतंय" असं म्हणू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात पोत्यानं दाणे आणून ठेवू नयेत ते याचसाठी. रविवार पेठेतून लागतील तसे आणा.

भाजणं

सगळा सुकामेवा एकत्र कढईत टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. दाण्याला वेळ लागतो, काजू पटकन करपतो, बदाम बाहेरून तसाच दिसतो आणि आत भाजला जातो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा.

लोखंडी कढई, मंद आच, तेलाचा थेंब नाही. आधी शेंगदाणे, दहा-बारा मिनिटं, सारखे हलवत. तडतड आवाज येऊन शांत होऊ लागला की एक दाणा चोळून बघा. साल सुटली आणि आतला रंग फिका सोनेरी दिसला की उतरवा. "अजून जरा" म्हणून ठेवलात तर कडू होतील, कारण गॅस बंद केल्यावरही दाणा आतल्या उष्णतेनं भाजत राहतो. लगेच ताटात पसरा. गरम दाणा मऊच लागतो, खुटखुटीतपणा गार झाल्यावर येतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी दाणे जाळतात. मीही जाळले आहेत.

मग बदाम सात-आठ मिनिटं, काजू चार-पाच मिनिटं, खोबऱ्याचे काप बदामी होईपर्यंत, जवस उडायला लागेपर्यंत. डाळवं आधीच भाजलेलं असतं, त्याला नुसतं गरम करायचं. पातळ पोहे अगदी मंद आचेवर, आकसू न देता. चिरमुरे शेवटी. बोटांत चुरले की भुगा झाला पाहिजे.

फोडणी

सुनेची वग्गरणी आणि माझी फोडणी, दोन्ही एकच. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की सालीसकट ठेचलेला लसूण टाका. तो लालसर झाला की मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्ता. कढीपत्त्यात पाणी राहिलं तर चार दिवसांत अख्खा डबा मऊ पडतो, म्हणून धुऊन, पुसून, वाळवून मगच घाला. पानं कुरकुरीत झाली की गॅस बंद करून हिंग-हळद. आधी भाजलेले दाणे, काजू, बदाम फोडणीत घोळवा, मग डाळवं, खोबरं आणि जवस, शेवटी पोहे आणि चिरमुरे. असं केलं की दोन चमचे तेल सगळ्यांना पुरतं.

मीठ, साखर आणि आमचूर एकत्र मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि चिवडा कोमट असताना वरून भुरभुरा. बारीक मीठ सगळीकडे बसतं, त्यामुळे अर्धा चमचा पुरतो, आणि आंबटपणा असला की मीठ कमी आहे हे जिभेला चटकन कळत नाही. शिवाय चिरमुऱ्यांचे तांदूळ फुलवण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढतात, त्यामुळे चिरमुरे मुळातच खारट असतात. मी इतकी वर्षं त्यावर आणखी मीठ घालत होते.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सुक्यामेव्यातलं तेल उजेडानं, हवेनं खवट होतं, म्हणून थोडा करा आणि पंधरा दिवसांत संपवा.

आता थोडं सावधगिरीचं. हा चिवडा "पौष्टिक" म्हटला तरी ताटभर खायचा नाही. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर जातात. आमच्या घरी ३० ग्रॅम मावेल अशी एक छोटी वाटी ठरवली आहे. तेवढ्या चिवड्यात साधारण १४० कॅलरी येतात. मधुमेह असेल तर चिरमुरे-पोहे निम्मे करून डाळवं वाढवा, किंवा नागपंचमीला करतो त्या जोंधळ्याच्या लाह्या घाला. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधतं. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, काजू, बदाम देऊच नका, घशात अडकतात. आमच्या नातवाची वाटी कुटून वेगळी असते. कुणाला दाण्यांची ॲलर्जी असेल तर हा पदार्थ त्याच्यासाठी नाहीच.

तर पहिल्या दिवशी हा चिवडा केला आणि माळ्यावरचा डबा खाली आणला. पाच वाजता वाटी पुढं ठेवली. ह्यांनी एक घास घेतला, थांबले, म्हणाले, "हा आपला नाही." माझ्या पोटात गोळा आला. मग सुनेकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडचा आहे. त्या दिवाळीला आला होता, मी रात्री उठून खाल्ला होता." सूनबाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. आणि मला कळलं की घरातली पहिली चोरी डिकीतली नव्हतीच.

मी खरं बोलले पाहिजे म्हणून सांगते, माझ्या तळलेल्या चिवड्याची चव याला नाही. वेगळी आहे. पहिले आठ दिवस तो अळणी वाटला, पंधरा दिवसांनी वाटेनासा झाला, आणि आता बाहेरचं फरसाण तोंडात घातलं तर मीठच पुढं येतं. तीन महिन्यांनी रक्तदाब पुष्कळ खाली आला. पण गोळी चालू आहे, चालणं चालू आहे, एकट्या चिवड्याला श्रेय देऊ नका आणि चिवड्याच्या भरवशावर कुणी गोळी बंद करू नका. एवढं मात्र म्हणेन, की डिकीत नंतर काही सापडलं नाही. शोधलंही नाही.

कधी कधी वाटतं, आपण "आमचा चिवडा", "तुमचा चूडा" म्हणून भांडतो. शेंगदाणा आणि काजू दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले, काजू तर पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि आता इथं चंदगडच्या डोंगरात पिकतो. त्यांना मराठी येत होतं ना कानडी. आमचा नातू एकाच वाटीकडे बोट दाखवून आजीला "चिवडा दे" म्हणतो आणि आईला "चूडा कोडु" म्हणतो. दोन्हींकडून मिळतो, हे त्याला पक्कं कळलं आहे.

यंदा दिवाळीला विहीणबाई आमच्याकडे येणार आहेत. डबा त्या आणणारच, पण या वेळी तो आमच्या डब्याशेजारी फडताळात राहील. दाणे भाजायचं काम आता ह्यांच्याकडे आहे. घड्याळ समोर ठेवून, उभे राहून, एका हातात कालथा. काल संध्याकाळी तेच चाललं होतं आणि हॉलमध्ये फोन वाजायला लागला. धारवाडचा होता, त्यांच्या विहीणबाईंचाच. मी बागेत होते, सून अंघोळीला. फोन वाजून वाजून थांबला, पण ह्यांनी काही उचलला नाही.